पीडब्ल्यूडीच्या गोदामातलं स्वप्न

चंडीगडमध्ये कुणाचाही व्यक्तिगत पुतळा उभारायचा नाही, असं शहराचा वास्तुकार ल कॉर्बुझिए यानं लिहून ठेवलं होतं. शहरासाठी त्यानं जो जाहीरनामा तयार केला, त्यात सेक्टर, रस्त्यांचे प्रकार, तलाव, झाडं, बांधकामाच्या साहित्याचा खरेपणा यांच्या जोडीला हेही कलम होतं. व्यक्तींचे पुतळे उभारण्याचा काळ संपला, असं त्याचं मत. चौक दिसला की पुतळा आणि पुतळा आला की अनावरण, अशी सवय असलेल्या देशात हे कलम टिकेल यावर मी तरी पैज लावली नसती. पण ज्या प्रकारे ते मोडलं गेलं, ते कॉर्बुझिएच्याही ध्यानीमनी नसणार. त्याच्या विधानसभेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, सरकारी जंगलातल्या एका घळीत, पीडब्ल्यूडीचा एक रोड इन्स्पेक्टर गुपचूप पुतळे करत बसला होता. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. त्यांतल्या एकालाही नाव नव्हतं, त्यामुळे कायद्याच्या भाषेत कलमाचा भंग झाला की नाही, हा वादाचा मुद्दा ठरेल.

१९४७ मध्ये पंजाबची फाळणी झाली आणि लाहोर पलीकडे गेलं. पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी, चंडी मंदिराच्या परिसरात नवं शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर आणि त्याचा तरुण सहकारी मॅथ्यू नोविस्की यांचा. त्यात रस्त्यांना थोडा बाक होता, वळणं होती. १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविस्की विमान अपघातात गेला. पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे पंजाबचे दोन अधिकारी नव्या वास्तुकाराच्या शोधात युरोपात गेले आणि १९५१ पासून काम कॉर्बुझिएकडे आलं. त्यानं रस्ते ताठ केले. आठशे मीटर रुंद, बाराशे मीटर लांब असे सेक्टर आखले, त्यांना आकडे दिले आणि तेरा हा आकडा गाळला. सगळं तर्काच्या चौकटीत बसवणाऱ्या माणसाच्या शहरातून अशुभ आकडा तेवढा वगळला गेला, ही गंमत चंडीगडकर अजूनही पाहुण्यांना सांगतात.

नेहरूंना भूतकाळाच्या ओझ्यातून मोकळं असलेलं शहर हवं होतं. पण जमीन कोरी नव्हती. तिथे गावं होती, घरं होती, विहिरी आणि आंब्याच्या बागा होत्या. गावं उठवली गेली, घरं पाडली गेली. नव्या शहराच्या पायाशी जुन्या गावांचा राडारोडा साचत गेला.

इथे थोडं पॅरिसला जायला हवं, कारण या गोष्टीचा दुसरा पदर तिकडचा आहे.

पहिल्या महायुद्धात आंद्रे ब्रेताँ हा वैद्यकीचा विद्यार्थी लष्करात होता. १९१६ मध्ये सँ-दिझिए इथल्या मानसोपचार केंद्रात त्याची नेमणूक झाली. तोफांच्या आवाजानं मन फाटलेले सैनिक तिथे यायचे. त्यांची बडबड, त्यांची स्वप्नं, त्यांचे भ्रम तो टिपून घेई. डॉक्टरांच्या दृष्टीनं ते लक्षण होतं. ब्रेताँला त्यात कुठल्याही कवितेपेक्षा जास्त ताकदीच्या प्रतिमा दिसल्या. शहाण्या, हिशोबी, तर्कशुद्ध युरोपनं लाखो माणसं खंदकात मारली होती. मग तर्कावर भरवसा ठेवायचा कशाला? १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्न आणि जागेपण यांच्यातली भिंत पाडायची, विचारावरचा पहारा उठवायचा, हात आपोआप चालू द्यायचा, असा तो कार्यक्रम.

या मंडळींचा दुसरा छंद भंगार धुंडाळण्याचा. सँ-तुआँच्या जुन्या बाजारात ब्रेताँ हिंडायचा आणि कशासाठी केली हेच कळू नये अशा वस्तू घरी आणायचा. १९३६ मध्ये पॅरिसच्या शार्ल रातों गॅलरीत त्यांनी वस्तूंचंच प्रदर्शन भरवलं. मेरे ओपेनहाइमचा केसाळ कातड्यानं मढवलेला कप तिथेच होता आणि शेजारी सापडलेल्या वस्तू, निसर्गातल्या वस्तू, खनिजं मांडली होती. पुढे १९५७ मध्ये ब्रेताँनं नदीकाठी दगड वेचण्यावर एक लेख लिहिला. वेचणारा ज्या दगडापाशी थांबतो, तो दगड त्याच्याशी काहीतरी बोलतो, असा त्याचा रोख.

आणि या मंडळींचं एक दैवत होतं: फर्दिनां शेव्हाल. फ्रान्सच्या ओतरीव्ह या खेड्यात टपाल वाटणारा पोस्टमन. १८७९ मध्ये वाटेत एका विचित्र आकाराच्या दगडाला त्याचा पाय अडखळला. त्यानं तो दगड खिशात टाकला, दुसऱ्या दिवशी आणखी वेचले आणि मग तेहतीस वर्षं एकट्यानं, दगड, चुना आणि सिमेंट वापरून एक महाल बांधला. त्यात देवळं, मनोरे, प्राणी, राक्षस सगळं आहे. गाव त्याला वेडा म्हणे. ब्रेताँ १९३१ च्या सुमारास तिथे जाऊन आला, त्यानं शेव्हालवर कविता लिहिली. मॅक्स एर्न्स्टनं त्याच्या नावानं चित्र केलं. शेव्हाल वारला तो १९२४ च्या ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरमध्ये जाहीरनामा आला. आणि त्याच वर्षाच्या १५ डिसेंबरला, शकरगड तालुक्यातल्या बेरियाँ कलाँ या गावी, शेतकरी सैनी कुटुंबात घळीतल्या त्या रोड इन्स्पेक्टरचा, नेकचंदचा, जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पण योगायोगांवर ब्रेताँचा फार जीव होता, म्हणून नोंदवून ठेवतो.

शकरगड फाळणीत पाकिस्तानात गेलं. नेकचंद तेव्हा बावीस वर्षांचे होते. कुटुंब रात्री-अपरात्री चालत सीमेच्या अलीकडे आलं. मागे राहिलं ते गाव, जवळची नदी आणि आईनं सांगितलेल्या राजाराण्यांच्या गोष्टी. त्या गोष्टी ऐकून लहानपणी ते नदीकाठच्या मातीत गढ्या आणि गावं रचत, त्यांत फुटक्या बांगड्या खोचत. दिवाळीच्या सुट्टीत दगडमातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडलेल्या कुणाही मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो आणि आपण मोठे होतो. नेकचंदांचं गावच गेलं.

१९५१ मध्ये त्यांना चंडीगडला पीडब्ल्यूडीत नोकरी लागली. रोड इन्स्पेक्टर म्हणजे डांबराचे पिंप, खडी, सिमेंट, मजूर यांचा रोजचा हिशोब. शहराच्या उत्तर टोकाला, जंगलाला लागून खात्याचं स्टोअर होतं, आणि तिथून पुढे झाडीत एक घळ. ती जमीन राखीव होती. तिथे काहीही बांधायला बंदी. जवळच १९५८ मध्ये सुखना चो या ओढ्यावर बांध घालून सुखना तलाव झाला. त्याच सुमाराला नेकचंदांनी झाडी साफ करून काम सुरू केलं.

सुरुवात दगडांनी झाली. ड्यूटी संपली की सायकल काढायची, शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांत उतरायचं आणि पाण्यानं घासून माणसासारखे, पक्ष्यांसारखे झालेले दगड कॅरियरवर लादून आणायचे. त्यांना ते कोरत नसत. फक्त उभे करत, जोडीनं, रांगेनं, दरबार भरल्यासारखे. पॅरिसमध्ये ब्रेताँ दगडांवरचा लेख लिहीत होता, ती हीच वर्षं. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

या जागी एके काळी राज्य होतं, राजा होता, ऋषी राहत होता, असं नेकचंद सांगत. सुकरानी हे त्या राज्याचं नाव. ते त्यांच्या स्वप्नात आलं होतं आणि ते पुन्हा उभारायचं होतं. पुरातत्त्व खात्याला याचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण ज्याचं खरंखुरं गाव नकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेलं, त्यानं भूतकाळ नसलेल्या शहराला एक भूतकाळ बहाल करावा, यात मला मोठं तर्कशास्त्र दिसतं.

दगडांनंतर आली भंगाराची पाळी. पाडलेल्या घरांच्या विटा-फरशा, फुटलेले वॉश बेसिन आणि संडासाची भांडी, कपबशांचे तुकडे, चिनीमातीचे फ्यूज आणि सॉकेट, बांगड्या, बाटल्यांची बुचं, मोडक्या सायकली, रिकामे डांबराचे पिंप. भंगारातल्या सळया किंवा सायकलची फ्रेम वाकवून सांगाडा करायचा, त्यावर चिंध्या गुंडाळून सिमेंट थापायचं आणि ते ओलं असतानाच वरून तुकडे दाबून बसवायचे. दोन फूट, तीन फूट उंचीच्या आकृत्या. घागर घेतलेल्या बायका, नाचणारे, वाद्यं वाजवणारे, माकडं, मोर, घोडे. रात्री काम करायचं तर उजेडासाठी टायर जाळायचे.

बांगड्यांच्या बायकांपाशी जरा थांबावं. हिरव्या, लाल, पिवळ्या काचेच्या तुकड्यांनी त्यांचे घागरे भरलेले आहेत. तुकडे एका पातळीत नाहीत. प्रत्येक अर्धगोल थोडा वेगळ्या कोनात रुतलेला, म्हणून सकाळी ऊन आलं की रांगच्या रांग हलल्यासारखी वाटते. चेहरे मात्र सगळे जवळजवळ सारखे: दोन डोळे, एक नाक, ओठ असले तर असले. भाव म्हणावा असा काही नाही. आणि हीच गोष्ट अंगावर येते, कारण त्या रांगा कुठेतरी निघालेल्या किंवा कशासाठीतरी थांबलेल्या दिसतात. फाळणीतले काफिले मी फक्त फोटोंत पाहिले आहेत. नेकचंदांनी त्या रांगांबद्दल असं काही म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही, तेव्हा हा अर्थ माझा, त्यांच्या माथी मारत नाही.

१९४२ मध्ये पिकासोनं सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात गंमत अशी, की बघणाऱ्याला बैल आणि सायकल दोन्ही एकदम दिसावेत. नेकचंदांची सायकल दिसत नाही. ती सिमेंटच्या पोटात हाड बनून बसलेली असते. अतिवास्तववाद्यांना बघणाऱ्याला धक्का द्यायचा होता. तो केसाळ कप, त्या सापडलेल्या वस्तू, सगळी धडपड पॅरिसच्या सुखवस्तू माणसाला दचकवण्याची. नेकचंदांसमोर दचकवायला कुणी नव्हतंच. उलट कुणी येऊ नये, हीच त्यांची इच्छा. सरकारी जमिनीवर, परवानगीवाचून, सरकारी नोकरानं केलेलं बांधकाम होतं ते; उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती.

म्हणूनच त्यांना ‘व्यवस्थेबाहेरचा कलावंत’ म्हणतात तेव्हा मला पटत नाही. हा शिक्का पश्चिमेतून आला. चित्रकार झाँ द्युबुफेनं १९४५ पासून मनोरुग्ण, कैदी, एकांडे कारागीर यांची कला जमवायला सुरुवात केली, तिला ‘आर ब्रूट’ म्हणजे कच्ची, असंस्कृत कला असं नाव दिलं, आणि काही काळ ब्रेताँही त्याच्या मंडळात होता. मग दोघांचं बिनसलं. त्या यादीत नेकचंद सहज बसवले गेले. पण हा माणूस बाहेरचा कुठे होता? तो थेट खात्यातला होता. कोणतं गाव कधी पाडणार, खात्याची रद्दी कुठे पडते, पिंप केव्हा रिकामे होतात, सिमेंटमध्ये पाणी किती घालायचं, हे सगळं त्याला नोकरीनंच शिकवलं. कॉर्बुझिएची विधानसभा आणि नेकचंदांचं माकड एकाच मालाचं आहे: उघडं काँक्रीट. एकाच गोदामातून दोन शहरं निघाली, एक निविदा काढून आणि दुसरं ड्यूटी संपल्यावर. नियोजनानं जे टाकून दिलं, त्यावर दुसरं शहर उभं राहिलं. स्वप्न हे दिवसभरातल्या उरल्यासुरल्या गोष्टींतून घडतं, असं फ्रॉइडनं मांडलं होतं आणि ब्रेताँनं ते डोक्यावर घेतलं होतं. चंडीगडच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं.

शिवाय कॉर्बुझिए स्वतः वाटतो तितका कोरडा नव्हता. १९२९ ते ३१ या काळात त्यानं पॅरिसमध्ये शार्ल द बेस्तेगी या धनिकासाठी गच्चीवरचं घर केलं. तिथे उघड्या आकाशाखाली हिरवळीची जमीन होती आणि भिंतीत शेकोटी. अतिवास्तववादी चित्रातून उचललेली खोलीच. समुद्रकाठचे गोटे, शिंपले, हाडं तो गोळा करून टेबलावर ठेवायचा आणि त्यांचे आकार चित्रांत आणायचा. चंडीगडच्या विधानसभेवरचा तो प्रचंड वाकडा नळकांड्यासारखा घुमट त्याला अहमदाबादच्या वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरवरून सुचला. दगड वेचणारी दोन माणसं एकाच शहराच्या एकाच टोकाला काम करत होती. १९६५ मध्ये कॉर्बुझिए भूमध्य समुद्रात पोहताना वारला. ती घळ त्यानं पाहिली नाही.

त्याच्या पॅरिसच्या कचेरीत १९५१ ते ५४ या काळात पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी काम करत होते. चंडीगडचे कागद त्यांच्याही हातून गेले. काटकोनाच्या शाळेत शिकलेल्या याच दोशींनी नव्वदीच्या दशकात अहमदाबादला पंढरपूरच्या मकबूल फिदा हुसेन यांच्यासाठी जमिनीखाली गुहा बांधली: एकही भिंत सरळ नाही, खांब झाडांसारखे तिरपे, वर घुमटांवर फुटक्या चिनीमातीचे तुकडे. नेकचंदांचा परिणाम असं मी म्हणणार नाही. चिनीमातीच्या तुकड्यांचं काम गुजरातेत आधीपासून आहे. पण कॉर्बुझिएच्या तालमीतून फुटक्या बशीपर्यंतची वाट फार लांबची नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

घळीतलं गुपित सत्तरच्या दशकात फुटलं. तोवर बारा एकरांचा पसारा झाला होता: अंगणं, घळी, भिंती, आकृत्या. नियमाप्रमाणे बुलडोझर लावायला हवा होता. तो लागला नाही याचं श्रेय ज्या मोजक्या अधिकाऱ्यांना जातं, त्यांत मोहिंदरसिंग रंधावा पहिले. आयसीएस, वनस्पतिशास्त्रज्ञ, कांगडा चित्रांचे जाणकार. फाळणीनंतर पूर्व पंजाबातल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी पाहिलं होतं, चंडीगडची झाडं त्यांच्या सल्ल्यानं लागली होती. लाहोरच्या संग्रहालयाचीही फाळणी झाली होती. साठ टक्के वस्तू तिकडे, चाळीस टक्के इकडे. इकडच्या वाट्याला आलेले गांधार शैलीतले बुद्ध १९६८ मध्ये चंडीगडच्या नव्या संग्रहालयात स्थिरावले, त्यामागेही रंधावाच. मागे राहिलेल्या गावातून आणलेल्या वस्तू म्हणजे काय, हे या माणसाला शिकवावं लागलं नाही. त्यांनी घळ पाहिली आणि हे मोडू नका असं सांगितलं.

१९७६ च्या जानेवारीत घळीतली ही बाग ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांसाठी खुली झाली. नेकचंदांना पगार, पद आणि पन्नास मजूर मिळाले. पद काय, तर सब डिव्हिजनल इंजिनिअर, रॉक गार्डन. कुठल्याही अतिवास्तववाद्याला असं पदनाम सुचलं नसतं. त्याच साली फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात द्युबुफेच्या संग्रहाचं संग्रहालय उघडलं. चार वर्षांनी नेकचंदांची शिल्पं पॅरिसला पोचली. १९८३ मध्ये रॉक गार्डनचं टपाल तिकीट निघालं, १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली, मग वॉशिंग्टनच्या बालसंग्रहालयासाठी त्यांनी बाग केली. चंडीगडला धबधबे आले, कमानी आल्या, मोठाले झोके आले. पुढचा हा भाग मला पहिल्याइतका आवडत नाही. मजुरांच्या हातचा, सहलीच्या गर्दीसाठीचा मोठेपणा त्यात आहे. पण शनिवारी-रविवारी त्या झोक्यांवर सगळ्या वयाची माणसं बसलेली दिसतात, आणि माझ्या आवडीनिवडीशी त्यांना काही देणंघेणं नाही. दरवाजे मात्र ठेंगणेच ठेवले. आत शिरायचं तर मान लववावीच लागते.

महाराष्ट्रात या जातीच्या कल्पनाशक्तीचा शोध घ्यायचा तर माझ्या मनात प्रभाकर बरवे येतात, नागावचे. घड्याळ, पान, शिंपला या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर उपयोगातून सुटून तरंगतात. तेही सरकारी नोकर. विणकर सेवा केंद्रात त्यांनी वीसेक वर्षं काढली. पण बरव्यांनी पाश्चात्त्य चित्रकला पाहिली होती, ‘कोरा कॅनव्हास’ लिहून आपला विचार मांडला होता. नेकचंदांचं तसं काही नाही. त्यांच्यावर अतिवास्तववादाचा प्रभाव शोधणं म्हणजे नदीला भूगोलाच्या पुस्तकाचा संदर्भ विचारणं. उलट प्रश्न रास्त आहे: ब्रेताँनं जे मनानं ताडलं होतं, की मोडतोड, युद्ध आणि भंगार यांतूनच कल्पना सुटी होते, ते पॅरिसच्या कॅफेंपेक्षा पंजाबच्या निर्वासितानं जास्त पुरतं करून दाखवलं का? माझं उत्तर हो असं आहे.

बागेला शत्रू बाहेरून आले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हायकोर्टाच्या वकिलांच्या पार्किंगसाठी आणि रस्त्यासाठी बागेची जमीन हवी होती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि बाग वाचली. १९९६ मध्ये नेकचंद परदेशात असताना आत तोडफोड झाली. १२ जून २०१५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते वारले. पुढच्याच वर्षी कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या सतरा कामांपैकी एक म्हणून चंडीगडचा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. हायकोर्ट त्या परिसरात मोडतं, रॉक गार्डन मोडत नाही. हायकोर्टातल्या गाड्या मात्र वाढतच राहिल्या, आणि २०२५ च्या वसंतात रस्ता रुंद करण्यासाठी आणि पार्किंगसाठी बागेच्या बाहेरच्या भिंतीचा एक भाग जेसीबीनं पाडला. चंडीगडकर फलक घेऊन जमले, पण भिंत वाचली नाही. वारसा यादीतल्या इमारतीला धक्का लावायचा तर पॅरिसपर्यंत विचारणा जाते. नेकचंदांच्या भिंतीसाठी स्थानिक प्रशासन पुरलं.